पावणं, दाजी आणि एक खून

मी काय काम करते हे आमच्या घरातही कुणाला धड सांगता येत नाही. मंचरच्या बाजारात कुणी विचारलं तर आई ‘कॉम्प्युटरचं’ म्हणते आणि घाईघाईने मेथीच्या जुड्या निवडायला लागते. शेजारच्या काकूंना वाटतं, मोबाइलवरच्या गोष्टींत बोलणारी बाई मीच. “पण आवाज तुझ्यासारखा नाही गं वाटत,” असं त्या दर वेळी संशयाने म्हणतात. आवाज माझा नसतोच. हे मी त्यांना गेली काही वर्षं सांगते आहे. या अंकासाठी लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी आधी नको म्हटलं, कारण स्वतःबद्दल बोलायचं म्हटलं की माझा घसा बसतो. मग वाटलं, एकदा लिहून टाकलं तर निदान काकूंना अंक तरी देता येईल.

तर काम असं. एके काळी एसटी स्टँडवर छोट्या आकाराच्या कादंबऱ्या मिळायच्या. रहस्यकथा, भुताच्या कथा, प्रेमकथा, डाकूंच्या कथा. गाडी सुटेपर्यंत सुरू करायच्या आणि उतरायचं ठिकाण येईपर्यंत संपवायच्या. पुण्यातली एक कंपनी अशा कादंबऱ्यांचे हक्क घेते आणि त्यांच्या ऐकायच्या मालिका करते. मी त्या कादंबरीचे भाग पाडते आणि संवाद लिहिते. एक भाग साधारण एका घरची भांडी घासून होतील एवढा. प्रत्येक भागाच्या शेवटी दारावर थाप पडली पाहिजे, नाहीतर माणूस पुढचा भाग लावत नाही, असं कंपनीचं म्हणणं आहे. माझ्या पहिल्या वर्षात इतक्या दारांवर थापा पडल्या की पोस्टमन आला तरी मी दचकायची.

वाचायचं आणि ऐकायचं यात फरक असतो, हे लोकांना पटत नाही. पुस्तकात ‘त्याने खिशातून चाकू काढला’ असं लिहिलं की झालं. ऐकणाऱ्याला चाकू दिसत नाही. मग समोरच्या माणसाला मरायच्या आधी “अहो, हे काय काढताय तुम्ही खिशातून?” असं विचारावं लागतं. मूळ लेखक हे ऐकून हळहळतात. मीही हळहळते, पण चाकू दाखवायचा कसा?

शिवाय प्रत्येक प्रकाराचे हट्ट वेगळे. प्रेमकथेतला नारायणगावचा टोमॅटोचा व्यापारी कंपनीला चालत नाही, तो अब्जाधीशच लागतो. मी त्याला अब्जाधीश केला; पण तो पहाटे उठून टोमॅटोचे क्रेट मोजायला जातो हे काढलं नाही, मुद्दाम ठेवलं. भुताच्या एका मालिकेत विहिरीचं वर्णन जरा नीट केलं, तर एका गृहस्थांचा निरोप आला की ही आमच्याच गावची विहीर आहे, आणि तुमच्यामुळे आमच्या पोरांना मुली मिळायच्या बंद होतील. गावाचं नाव मी घेतलंच नव्हतं, असं कळवलं. त्यावर उत्तर आलं, “नाव घ्यायची गरजच नाही, सगळ्यांनी ओळखलंय.”

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे मराठी बोललं की बाकावर उभं करायचे. पहिली मराठी कादंबरी मी या नोकरीसाठी वाचली, ओळीखाली बोट ठेवून. त्यामुळे मला शब्दांची अजून भीती वाटते आणि मी ते दोनदा तपासते. कंपनीच्या मीटिंगमध्ये मी कॅमेरा बंद ठेवते. तिथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. मी मात्र आमच्या प्रमुखांना मधुरामॅडमच म्हणते, तेही क्वचित, कारण मी क्वचितच बोलते.

गेनूकाका मला या कामातून मिळाले. निमगाव सावाचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. ड्यूटीच्या मुक्कामांत, कुठल्या कुठल्या डेपोत बसून त्यांनी खूप रहस्यकथा लिहिल्या. त्या ज्या नावाने छापल्या जायच्या, त्या नावाचा माणूस जगात नव्हताच. प्रकाशकाने ते ठरवलेलं होतं आणि त्या नावाखाली चार-पाच जण लिहायचे. आपल्याच गाडीतला प्रवासी आपलंच पुस्तक वाचतोय आणि आपण त्याला तिकीट फाडून देतोय, असं काकांचं कितीदा तरी झालं. सांगितलं तर कुणी खरं मानलं नसतं. ‘उसातली वाट’ ही त्यांची आवडती कादंबरी मालिका व्हायची ठरली, तेव्हा काकांनी एकच गोष्ट मागितली. नाव त्यांचं स्वतःचं लागलं पाहिजे.

आमची पहिली भेट झाली तेव्हा ते माझं बोलणं थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, “तुझं मराठी इस्त्री केल्यावानी हाय.” मी मान खाली घालून ते वहीत लिहून घेतलं. त्यांना वाटलं, मला राग आला. राग आला नव्हता, ते बरोबर होतं.

‘उसातली वाट’मधलं सगळं कोडं एका शब्दावर उभं आहे. एका शेतकऱ्याला उसातल्या वाटेवर कुणीतरी कोयत्याने मारतं. त्याची बहीण माहेरी आलेली असते, ती सगळ्यांत आधी पोहोचते. भाऊ मरताना एवढंच म्हणतो, “पावणं...” बहीण फौजदाराला तेच सांगते. आता आमच्याकडे पावणं कुणालाही म्हणतात. वाटसरूला, व्यापाऱ्याला, पत्ता विचारायला थांबलेल्या माणसाला. म्हणून पोलीस परक्या माणसाच्या मागे लागतात. पण सोयऱ्यालाही पावणंच म्हणतात. मरणाऱ्याने आपल्या मेहुण्याला, म्हणजे त्याच बहिणीच्या नवऱ्याला हाक मारलेली असते. बहिणीला ते सुचत नाही, कारण तिच्या लेखी तो नवरा, पावणा कधीच नव्हे. पुस्तकाच्या शेवटच्या पानांत कुणीतरी तिच्या नवऱ्याला पावणं म्हणून हाक मारतं आणि तिच्या हातातलं भांडं पडतं. मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की ही भाषा आपली असती तर बरं झालं असतं.

भाग लिहून दिले. पुण्यात आमच्याकडे भाषा तपासणारी माणसं असतात. ‘पावणं’ हा शब्द सगळ्या महाराष्ट्राला कळेल का, असा प्रश्न त्यांना चौथ्या भागाच्या रेकॉर्डिंगच्या दिवशी पडला. मी त्या दिवशी मैत्रिणींबरोबर आहुप्याची देवराई बघायला गेले होते. तिथे फोन लागत नाही. म्हणून त्यांनी थेट लेखकालाच फोन केला.

पुढे काय झालं ते काकांनीच मला सांगितलं, तेही कौतुकाने. “पुन्याहून एका पोरीचा फोन आला व्हता. लई गोड बोलत व्हती. म्हनली, सर, हितं पावणं म्हंजी नेमकं कोन?”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“म्हनलं, सांगायचं नसतंय, पन तुमी आपल्यातल्याच म्हनून सांगतो. दाजी. बहिणीचा नवरा.”

“काका, तुम्ही खुनी सांगितलात?”

“आपल्याच ऑफिसात सांगितला ना? भाईर कुठं सांगितला?”

त्या गोड मुलीने शब्द सोपा केला. मालिकेच्या चौथ्या भागात भाऊ मरताना स्वच्छ आवाजात म्हणतो, “दाजी...” पुढे कितीतरी भाग उरलेले असताना खुनी जाहीर झाला. पण हे एवढ्यावर भागलं असतं तर मी कपाळावर हात मारून गप्प बसले असते. बहिणीचं काम करणाऱ्या नटीच्या तारखांमुळे पाचवा भाग चौथ्याच्या आधीच रेकॉर्ड झाला होता, आणि त्याला कुणी हात लावला नव्हता. त्यात बहीण फौजदाराला सांगते, “पावणं म्हनाला.” म्हणजे ऐकणाऱ्याने स्वतःच्या कानांनी ‘दाजी’ ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी ही बाई पोलिसांना भलतंच सांगते. काकांची भाबडी बहीण एका शब्दात खोटारडी झाली.

श्रोत्यांच्या प्रतिक्रिया यायला लागल्या. ही बाई खुन्याला मिळालेली आहे. भावाचं रक्त सुकलं नाही आणि नवऱ्याला पिठलं वाढते आहे. एकीने लिहिलं होतं, अशी नणंद मलाही आहे. मी मधुरामॅडमना फोन करून म्हटलं, एकच शब्द आहे, पुन्हा रेकॉर्ड करू या. त्या म्हणाल्या की मालिका जोरात चालली आहे, लोक या बहिणीला शिव्या द्यायला रोज येतात, आता काहीही बदलायचं नाही. उलट तिला अजून थोडी काळी करता येईल का, ते बघ.

मी ‘बघते’ म्हटलं. माझ्या स्वभावातला सगळ्यांत वैतागवाणा शब्द तोच आहे.

पुढच्या आठवड्यात गेनूकाका निमगावहून एसटीने मंचरला आमच्या घरी आले. रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांनी चहा घेतला आणि कप बशीत पालथा घातला. मग थोडं थोडं सांगायला लागले. पुस्तकातल्या त्या बहिणीचं बोलणं त्यांनी आपल्या सख्ख्या धाकट्या बहिणीवरून उचललं होतं. चिमाबाई घोडेगावजवळच्या एका वाडीत दिलेल्या. वाक्याच्या सुरुवातीला “काय सांगू बया” म्हणायची आणि बोलून झालं की तोंडावर पदर धरायची त्यांची सवय कादंबरीत जशीच्या तशी होती. मालिका सुरू झाली तेव्हा काकांनीच वाडीत सगळ्यांना अभिमानाने सांगितलं होतं, की ती माझी चिमाच आहे. वाडीतल्या बायका कांदे निवडताना मालिका ऐकायच्या. पाचवा भाग झाला आणि त्यांनी चिमाबाईंना विचारायला सुरुवात केली. काय वैनी, भावाला मारून आली का? फौजदाराला काय सांगितलं मग?

चिमाबाई राखीला आल्या नाहीत. काकांनी फोन केला की त्या उचलायच्या आणि न बोलता सुनेच्या हातात द्यायच्या.

“पुस्तकात ती येडी हाय,” काका म्हणाले. “भाबडी. पन चोर नाय. माझ्या चिमीला मी चोर कशाला लिवीन?”

ते एवढंच म्हणाले. मी त्यांना सांगितलं की कंपनी शब्द बदलायला तयार नाही. त्यांनी मान हलवली आणि शेवटची गाडी चुकेल म्हणून उठले. आई त्यांना रस्त्यापर्यंत सोडून आली आणि मला म्हणाली, “कॉम्प्युटरच्या कामात माणसं रडवता काय गं तुम्ही?”

पुढचे काही दिवस मी डोकं खाजवत होते. चौथा भाग हलणार नव्हता, पाचवाही नाही. भावाने ‘दाजी’ म्हटलेलं सगळ्यांनी ऐकलं होतं आणि बहिणीने ‘पावणं’ सांगितलेलं सगळ्यांनी ऐकलं होतं. दोन्ही खरं ठेवून ती खोटी न ठरण्याची वाट हवी होती. तिला कमी ऐकू येतं असं करून बघितलं, अगदीच पाचकळ झालं. तिला झीट आणली, तर मग ती पुढे इतकं सविस्तर कसं सांगते?

तेवढ्यात आईला बँकेचा फोन आला. खातं आईवडील दोघांच्या नावावर, म्हणून समोरच्या मुलाने खात्री करायला खात्यावर दुसरं नाव कुणाचं ते विचारलं. आई म्हणाली, “आमच्या ह्यांचं.” तो म्हणाला, हो, पण नाव काय? आई म्हणाली, तुमच्याकडे लिहिलेलं असेल की. तो म्हणाला, तुम्ही सांगायला पाहिजे. आई म्हणाली, “पूजाचे पप्पा.” पूजा ही माझी बहीण. त्या बिचाऱ्याने तेच नाव आहे का म्हणून तपासलं असावं, कारण बराच वेळ गेला. शेवटी आईने फोन माझ्या हातात कोंबला. “तू सांग बाई. मला काय त्यांचं नाव घ्यायला लावतात हे.” मी वैतागून नाव सांगितलं, फोन ठेवला, आईला बोलणार होते, आणि तशीच उभी राहिले.

त्या बहिणीने भावाच्या तोंडून ‘दाजी’ ऐकलं. ते फौजदाराला सांगायचं कसं? नवऱ्याचं नाव ती घेणार नाही. दाजी हा भावाचा शब्द. स्वतःच्या नवऱ्याला ती दाजी कशी म्हणेल? भरल्या अंगणात, चार माणसांसमोर, तिच्याकडे एकच शब्द उरतो. माहेरची माणसं तिच्या नवऱ्याला जे म्हणतात तो. “पावणं म्हनाला,” असं ती सांगते. तिने पहिल्याच दिवशी नवऱ्याला पोलिसांच्या हाती दिलेला असतो. फौजदार लांबचा, त्याला वाटतं, कुणी परका माणूस. आणि ती घरी येऊन रोज त्याचं ताट वाढते, आज तरी पोलीस येतील म्हणून दाराकडे बघत. ते येत नाहीत.

मी तो भाग एका बैठकीत लिहिला. त्यात फौजदार बदलून जातो आणि नवा, जवळच्याच गावचा फौजदार येतो. तो तिचा जबाब पुन्हा घेतो आणि विचारतो, “ताई, पावणं म्हणजे तुमचं कोण?” ती म्हणते, “काय सांगू बया, मी तर तवाच सांगितलं व्हतं.”

काकांना फोनवर वाचून दाखवला. शेवटचा संवाद त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाले, “माझ्या पुस्तकात ती भाबडी व्हती. तू तिला शानी केली.”

मी विचारलं, नको का मग?

“असूं दे,” ते म्हणाले. “पन शेवटचं भांडं पडायचं गेलं माझं.” लेखक तो लेखकच.

राहिल्या मधुरामॅडम. मीटिंगमध्ये त्या म्हणाल्या की खलनायिका इतकी चालते आहे, तिला धुऊन काढायची काय गरज? बाकीचे हो म्हणाले. कॅमेरा बंद ठेवूनच मी बोलले. म्हटलं, “मॅडम, ती खोटं बोलली नाही. आपण शब्द बदलला आणि तिला खोटारडी केली.” यावर एकाने पुढच्या मालिकेचा विषय काढला, आणि मला कळलं की एवढ्याने होणार नाही. म्हणून पुढचं बोलले, जे मला फारसं आवडत नाही, पण या धंद्यात चालतं. म्हटलं, हा भाग ऐकला की प्रत्येक जण पाचवा भाग पुन्हा लावून बघेल, ती नक्की काय म्हणाली होती ते. सगळे मागे जातील.

मधुरामॅडम म्हणाल्या, “हे आधी का नाही सांगितलंस?”

भाग लागला त्या दिवशी मी आणि काका घोडेगावच्या गाडीत बसलो. त्यांनी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि वाटभर मला सांगत होते की चिमी लहानपणापासून अशीच रुसकी आहे. वाडीत उतरलो तेव्हा चिमाबाई घरी नव्हत्या. सून म्हणाली, सगळ्या बराखीवर आहेत. बराखी म्हणजे कांदा साठवायची चाळ. दिवाळीच्या तोंडावर तिथे कांदा निवडायचं काम चालू होतं. सात-आठ बायका ढिगाभोवती बसल्या होत्या, सडका कांदा एकीकडे, चांगला एकीकडे. आवाज मोठा यावा म्हणून मोबाइल रिकाम्या पातेल्यात ठेवला होता.

चिमाबाईंनी भावाकडे एकदा बघितलं आणि कांदे निवडत राहिल्या. मी कोण, हे सुनेने सांगितलं. एक काळीसावळी, खणखणीत आवाजाची बाई मला म्हणाली, “तूच लिवती का? लई छळलं गं तुझ्या त्या बाईनं. किती दिस त्या मुडद्याला जेवायला घालायची?” मी म्हटलं, नवा भाग आला आहे. काका पुढे होऊन चिमाबाईंशी बोलायला गेले, तर त्यांनी बसल्या जागी पाठ फिरवली.

भाग लागला. पातेल्यातून नव्या फौजदाराचा आवाज यायला लागला. बायकांचे हात चालू होते. “ताई, पावणं म्हणजे तुमचं कोण?” इथे एक-दोघींचे हात थांबले. मग तिचा आवाज आला, मी तर तवाच सांगितलं व्हतं.

“अगं बाई,” एक म्हातारी म्हणाली. “नवऱ्याचं नाव कसं घ्यावं तिनं?”

“मंग काय. फौजदारच येडं निघालं.”

“तिनं तवाच दिलता त्याला. वैनी, ऐकलं का?” ही चिमाबाईंना.

खणखणीत आवाजाची बाई मात्र बधली नाही. “त्ये समदं खरं,” ती म्हणाली. “पन ताट वाढत व्हती का नाय रोज? माज्या भावाला मारलं असतं तर मी ताटात...”

काकांना राहवलं नाही. ते ढिगाजवळ येऊन तिला समजावायला लागले की पुस्तकात तसं नव्हतं, मुळात ती भाबडी होती, शब्द पुण्याला बदलला, त्याआधी चौथ्या भागात काय झालं होतं, आणि लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं. पातेल्यातला आवाज त्यांच्या आवाजाखाली बुडाला. बायका हातवारे करून त्यांना थांबवत होत्या, ते थांबत नव्हते.

“दादा,” चिमाबाई म्हणाल्या. “गप बस. ऐकू दे.”

राखीच्या आधीपासून चिमाबाईंनी काकांना दादा म्हटलं नव्हतं. काका बोलता बोलता थांबले आणि होते तिथेच, निवडलेल्या कांद्यांवर, इस्त्रीच्या सदऱ्यासकट बसले. कुणीतरी म्हणालं, अहो, कांदा फुटंल, उठा. ते उठले नाहीत.